राणीची वाट पाहणारा प्रासाद

इ.स. १५७१ च्या सुमारास क्रिस्टोफर हॅटन याने नॉर्थॅम्प्टनशर परगण्यातील होल्डनबी या आपल्या जन्मगावी एक प्रासाद बांधावयास घेतला. दोन विस्तीर्ण चौक आणि शंभराहून अधिक मोठ्या खिडक्या. आणि काच तर त्या काळी केवळ धनिकांनाच परवडे. काम सुमारे बारा वर्षे चालले. मालक मात्र तेथे फिरकत नसे. हे मंदिर ज्या पवित्र मूर्तीला अर्पण केले आहे, ती तेथे विराजमान होईपर्यंत आपणही त्याचे दर्शन घेणार नाही, अशा आशयाचे त्याने १५८० मध्ये लिहिले. ती मूर्ती म्हणजे राणी पहिली एलिझाबेथ.

हॅटन सामान्य जमीनदार घराण्यातला. तो नाचत नाचत दरबारात शिरला, असे सर जॉन पेरट हिणवीत असे. टोमणा बोचरा खरा, पण निव्वळ नाचाच्या बळावर कोणी राणीच्या अंगरक्षकांचा कप्तान होत नाही, की १५८७ मध्ये लॉर्ड चॅन्सेलरही. ड्रेकने जगप्रदक्षिणेच्या वाटेवर आपल्या जहाजाला ‘गोल्डन हाइंड’, म्हणजे ‘सुवर्णहरिणी’, हे नवे नाव दिले, तेही हॅटनच्या कुलचिन्हावरील हरिणीवरून.

राणीच्या कृपेने जमिनीही आल्या. लंडनमधील ईलीच्या बिशपची बाग १५७६ मध्ये त्याला भाडेपट्ट्याने मिळाली. वार्षिक भाडे: एक तांबडा गुलाब, दहा गाड्या गवत आणि दहा पौंड! बिशपने हा सौदा खुशीने केला नव्हता, हे सांगावयास नकोच. हिऱ्यामोत्यांच्या व्यापाराचे आजचे ‘हॅटन गार्डन’ ते हेच.

पण दरबारी थाट पेलणे सोपे नव्हते. हॅटन अविवाहितच राहिला. नोव्हेंबर १५९१ मध्ये तो लंडनमध्ये अंथरुणाला खिळला असता राणी त्याच्या समाचाराला आली. काही दिवसांतच, २० नोव्हेंबरला, तो वारला. तेव्हा त्याच्या डोक्यावर सुमारे ४२,००० पौंडांचे देणे होते, आणि तेही खुद्द राणीच्या खजिन्याचे.

होल्डनबीला एलिझाबेथ कधीच आली नाही. तेथे राजा आला तो १६४७ मध्ये, पहिला चार्ल्स, पार्लमेंटचा कैदी म्हणून. चार वर्षांनी प्रासादाचा बहुतेक भाग पाडण्यात आला. बागेत दोन कमानी मात्र अजून उभ्या आहेत. त्यांवर कोरलेले साल आहे १५८३.