काटा हलला तर काय करायचं?



आज पिकाचं नाही, पीक ज्यावर बाजारात जातं त्या गाडीचं लिहितोय. पुतण्याने दिवाळीनंतर एक जुनी टर्बो डिझेल पिकअप घेतली. कन्नडहून आलं-मिरची भरायची, औट्रम घाट उतरून चाळीसगाव, पुढे जळगाव. येताना ठिबकच्या नळ्या नाहीतर केळी भरून तोच घाट चढायचा. असा त्याचा हिशोब. गाडीवर कर्ज आहे. गाडी महिनाभर गॅरेजला उभी राहिली तरी हप्ता काही उभा राहत नाही.

गाडी घेतल्यावर आठ दिवसांत त्याने मोबाइलवर मला पाच मीटरचा सेट दाखवला. टर्बोचा बूस्ट, एक्झॉस्टचं टेंपरेचर, पाण्याचं टेंपरेचर, ऑइल प्रेशर आणि व्होल्ट. रात्री निळा उजेड पडतो म्हणे.

"नाना, पाचही बसवून टाकू. एकदाच काय तो खर्च."

मी म्हटलं, "बसवू. पण आधी कागद घे. प्रत्येक मीटरपुढे एकच गोष्ट लिही. काटा हलला तर तू काय करणार?"

शेतात आपण हेच करतो. कपाशीत कामगंध सापळा लावला, पतंग मोजले, वहीत लिहिले. पण नुसता आकडा लिहून काय उपयोग? सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ पतंग आले की गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली, आता उपाय करायचा, हे माहीत असेल तर सापळ्याला अर्थ. ठिबकच्या सँड फिल्टरवर दोन प्रेशर गेज असतात. आतल्या आणि बाहेरच्या दाबात अर्ध्या किलोचा फरक पडला की बॅकवॉश. एकटा गेज काहीच सांगत नाही, फरक सांगतो. गाडीचा मीटरही तसाच. साधारण आकडा कुठला, धोक्याचा कुठला आणि तिथे पोचल्यावर हात काय करणार, हे तीन ठाऊक नसतील तर तो मीटर म्हणजे जत्रेतली लाइटिंग.

मग कुणी म्हणेल, कंपनीने डॅशबोर्डवर काटे-दिवे दिलेत की. दिलेत, पण ते कशासाठी दिलेत ते समजून घ्या. ऑइलचा लाल दिवा ज्या स्विचवर चालतो तो बहुतेक गाड्यांत दाब ४ ते ७ पीएसआयच्या खाली गेल्यावर लागतो. भरल्या गाडीने घाट चढणाऱ्या इंजिनला ४०-५० पीएसआय हवा असतो. म्हणजे दाब ५० वरून १५ वर आला तरी दिवा गप्प. तो लागतो तेव्हा बेअरिंगला तेल मिळणं जवळजवळ बंद झालेलं असतं.

टेंपरेचरच्या काट्याचंही तसंच. बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. पाणी ८० अंशावर असो की १०० वर, काटा आपला मधोमध. थोडं वरखाली झालं की गिऱ्हाईक शोरूमला धावतं, म्हणून ही सोय. भाजी आणायला जाणाऱ्या कारला ते चालतं. दीड टन माल घेऊन मे महिन्यात घाट चढणाऱ्या गाडीला ८८ आणि १०२ यातला फरकच तर कळायला हवा.

आता एकेक मीटर घेतो.

ऑइल प्रेशर. हा पहिला. जुना ठोकताळा असा की इंजिन गरम असताना दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय दाब हवा. तुमच्या इंजिनचं पुस्तक वेगळं सांगत असेल तर पुस्तक खरं. आमच्या गाडीत गरम इंजिनला आयडलवर १८ आणि २५०० आरपीएमला ४५ येतो. हा आमचा साधारण आकडा. उद्या त्याच आरपीएमला, तितक्याच गरम इंजिनला ३५ दिसला तर डिपस्टिक बघायची, ऑइल पातळ झालंय का, कुठे गळतंय का, मिस्त्रीला दाखवायचं. चालत्या गाडीत एकदम शून्यावर आला तर गाडी बाजूला घेऊन लगेच चावी बंद. पुढचा ढाबा येऊ दे, असं नाही.

पाण्याचं टेंपरेचर. काटा अंशांत आकडे दाखवणारा हवा, नुसता सी आणि एच लिहिलेला नको. डिझेलचा थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो, म्हणून सपाटीवर आकडा तिथेच घुटमळतो. घाटात ९५ पर्यंत गेला तर घाबरायचं कारण नाही. १०० च्या पुढे सरकायला लागला की एसी बंद, गिअर खाली, पाय हलका. तरी चढतच राहिला तर हीटर पूर्ण चालू करून सुरक्षित जागा बघायची. मेमध्ये हीटर लावायला जिवावर येतं, पण तोही एक छोटा रेडिएटरच आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तिच्यापायी आमच्या गावात एका गाडीचं हेड गेलं. रेडिएटरच्या खालच्या होज पाइपचा क्लॅम्प ढिला झाला आणि चढावर सगळं पाणी गेलं. ड्रायव्हर काटा बघत होता. काटा मध्येच होता, मग उलट थोडा खाली आला. त्याला वाटलं, वारं लागलं, गाडी गार झाली. पाण्यातला सेन्सर पाणीच मोजतो. पाणी संपलं की तो हवेत लोंबकळतो आणि काहीही दाखवतो. धूर दिसेपर्यंत हेड वाकलेलं होतं, गॅस्केट उडालेलं होतं. बिल पाच आकडी झालं. वर आल्याचा भाव चांगला होता ते तीन आठवडे गाडी गॅरेजमध्ये. त्या ड्रायव्हरला मी दोष देणार नाही. त्याने काट्यावर विश्वास ठेवला, काट्याजवळ मोजायला काही उरलं नव्हतं.

म्हणून टेंपरेचरच्या मीटरबरोबर पाणी कमी झाल्याचा अलार्म घ्या, किंवा हेडच्या धातूवर बोल्टखाली बसणारा टेंपरेचर अलार्म घ्या. धातूवरचा सेन्सर पाणी असो नसो, हेड किती तापलंय ते सांगतो. मला विचाराल तर पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर हाच घ्या. याला बघत बसावं लागत नाही, हा ओरडतो. रात्री दोन वाजता एकटा माणूस घाटात गाडी चालवतो तेव्हा त्याची नजर वळणावर असते, डॅशबोर्डवर नाही.

व्होल्ट मीटर. सगळ्यांत स्वस्त, आणि लोक याला सगळ्यांत कमी मान देतात. इंजिन बंद, बॅटरी भरलेली असेल तर १२.६ च्या आसपास. इंजिन चालू झालं की १३.८ ते १४.४. चालू इंजिनला, लाइट लावून १३ च्या खाली राहत असेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाही. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला, बॅटरी उकळून जाईल. नव्या काही गाड्यांत अल्टरनेटर गाडीचा कॉम्प्युटर चालवतो, तिथे व्होल्ट वरखाली होणं नेहमीचंच. पण जुन्या गाडीत एक गंमत आहे. बऱ्याच इंजिनांत अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच बेल्टवर फिरतात. बेल्ट तुटला की पाणी तापायला दोन-चार मिनिटं लागतील, पण व्होल्ट त्याच क्षणी १४ वरून १२ वर येतो. म्हणजे इंजिन तापणार आहे ही पहिली खबर कधी कधी व्होल्ट मीटर देतो. बेल्ट तुटला की इंजिन बंद करा. अशा वेळी आयडलवर ठेवून गार करायचा प्रयत्न करू नका, पाणी फिरतच नाही.

जुन्या ट्रॅक्टरला अँपिअर मीटर असतो, तसा गाडीत नवा बसवू नका. चार्जिंगचा सगळा करंट त्याच्यातून जातो, म्हणजे जाड वायर केबिनमध्ये आणावी लागते. ती कुठे घासली तर आग. व्होल्ट मीटरला बारीक वायर पुरते.

आता आम्ही काय घेतलं नाही ते सांगतो. बूस्ट मीटर वाईट नाही. रोजचा बूस्ट ठाऊक असेल आणि एक दिवस कमी आला तर टर्बोचा होज फुटला असेल किंवा एअर फिल्टर चोंदला असेल, हे कळतं. पण तेव्हा गाडी ओढत नाही आणि काळा धूर मारते, ते पायालाही कळतं. म्हणून तो पुढच्या वर्षी. एक्झॉस्ट टेंपरेचरचा मीटर ज्यांनी इंजिनची ताकद वाढवून घेतलीय किंवा जे सतत जड ट्रॉली ओढतात त्यांना लागतो. त्यासाठी मॅनिफोल्डला भोक पाडावं लागतं, आणि लोखंडाचा कीस टर्बोत गेला तर आणखी एक बिल. कंपनीतून आली तशी गाडी असेल तर नको.

बसवताना मिस्त्रीजवळ उभे राहा आणि एवढं बघा.

मीटर आणि त्याचा सेन्सर एकाच सेटमधला हवा. एकाचा मीटर, दुसऱ्याचा सेन्सर लावला तर रेझिस्टन्स जुळत नाही आणि काटा खोटं बोलतो. ऑइलचा मीटर इलेक्ट्रिक घ्या. मेकॅनिकल मीटरमध्ये गरम ऑइलची बारीक नळी केबिनपर्यंत येते, ती फुटली तर पायावर.

ऑइलचा सेन्सर टी लावून बसवा आणि कंपनीचा लाल दिवा तसाच चालू ठेवा. सेन्सर जड असेल तर त्याला पितळी टीवर लोंबकळत ठेवू नका, थरथरीने टी तडकतो. छोट्या प्रेशर होजने बाजूला बॉडीवर क्लॅम्प करा. सेन्सरला अर्थिंग त्याच्या आट्यातून मिळत असेल तर टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळू नका. रबरी होजमध्ये बसवलेल्या सेन्सरला अर्थिंगची वेगळी वायर लागतेच.

सप्लाय चावीनंतरचा घ्या, आणि जिथून सप्लाय घेतला तिथेच जवळ छोटा फ्यूज. फ्यूज मीटरजवळ लावला तर मधली वायर उघडी पडली तेव्हा तो काही वाचवत नाही. एअरबॅग असलेल्या गाडीत, जिथून ती फुगते त्या जागेसमोर मीटर लावायचा नाही. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापण्याआधी विचारून घ्या.

गाडी नवी असेल तर यातलं बरंचसं करायचीच गरज नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत ओबीडीचं सॉकेट असतं, त्याआधीच्याही अनेक गाड्यांत आहे. त्यात छोटा स्कॅनर लावला की पाण्याचं टेंपरेचर अंशांत, व्होल्ट, कित्येक गाड्यांत बूस्टही मोबाइलवर दिसतो. एक वायर कापायची नाही. मात्र ऑइल प्रेशर त्यात सहसा दिसत नाही, कारण गाडीतच दाब मोजणारा सेन्सर नसतो, नुसता स्विच असतो.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी दोन ओळी. तुमच्या कामाचा मीटर म्हणजे एअर क्लीनरचा व्हॅक्यूम इंडिकेटर. रोटाव्हेटर, मळणी, उसाचं पाचट, सगळा धुळीचा कारभार. फिल्टर काळा दिसतो म्हणून रोज झटकत बसलात तर झटकण्यानेच कागद फाटतो आणि धूळ इंजिनात. इंडिकेटर लाल दाखवेल तेव्हाच फिल्टरला हात लावा. आणि अवर मीटर बंद असेल तर आधी तो दुरुस्त करा, नाहीतर ऑइल बदलायचे तास अंदाजाने मोजणार.

शेवटी पुतण्याच्या गाडीत बसलं ते असं: ऑइल प्रेशर, पाण्याचं टेंपरेचर, व्होल्ट आणि हेडचा अलार्म. निळा उजेड आहेच, त्याचीही हौस राहिली नाही. पहिल्या पंधरा दिवसांत आम्ही फक्त आकडे लिहिले. सकाळी गार इंजिन, सपाटीवर रिकामी गाडी, सपाटीवर भरलेली, घाटाच्या पायथ्याशी, घाटमाथ्यावर. बाहेर ऊन किती होतं तेही. ते पान आता सनशेडला चिकटवलंय. ड्रायव्हर बदलला तरी पान तिथेच राहतं.

त्या पानाच्या खाली लाल पेनने दोन ओळी लिहिल्या आहेत, त्या तुम्हीही लिहून घ्या. ऑइल शून्य, बेल्ट तुटला किंवा हेडचा अलार्म वाजला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद. आणि तापलेल्या रेडिएटरची टोपी कुणी कितीही घाई करो, उघडायची नाही. आत दाब असतो. १५ पीएसआयच्या टोपीखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि टोपी फिरवली की एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. अर्धा तास थांबा. मिरची तेवढ्यात सुकत नाही.