पंख्याच्या पात्यांवरची नावं

देणगीदाराचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं ते पंख्याच्या पात्यावर. तामलवाडीच्या शाळेत आमच्या वर्गात छताचा एक पंखा होता. त्याच्या पात्यांवर लाल ऑइलपेंटनं आधी 'कै.' आणि नाव, मग 'यांच्या स्मरणार्थ', मग 'सप्रेम भेट' असं लिहिलेलं होतं. पेंटरला जागेचा अंदाज आला नसावा, कारण शेवटची अक्षरं बारीक होत होत पात्याच्या टोकाशी कोंबली होती. लाइट आली की नुसतं लाल कडं फिरायचं आणि गेली की नाव पुन्हा वाचता यायचं. उन्हाळ्यात लाइट जास्त वेळ गेलेलीच असायची, त्यामुळे ते नाव वर्गातल्या प्रत्येकाला पाठ झालं होतं. पाण्याच्या टाकीवर, लोखंडी कपाटावर आणि पितळी घंटेवरही अशीच नावं होती. गावात कुणी गेलं की तेराव्याच्या खर्चातून थोडे पैसे बाजूला काढून शाळेला काहीतरी द्यायचं, ही रीत आमच्याकडे जुनी आहे.

ती का पडली असावी, हे मला पुढे आजोबांच्या बोलण्यातून उमगलं. तामलवाडी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचं गाव. आज इथं टोलनाका आहे आणि सोलापूर हाकेच्या अंतरावर वाटतं. आजोबांच्या लहानपणी मात्र मध्ये राज्याची हद्द होती. आम्ही मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, आणि सोलापूर इंग्रजांकडे. हद्दीवर करोडगिरीचे नाके होते आणि मालाची जकात द्यावी लागे. मोगलाईत सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू होती. हैदराबादला 1918 साली सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचंच. मराठीतून पुढं शिकायचं तर ऐपत असलेल्यानं पोराला सोलापूरला ठेवायचं, नसलेल्यानं रानात धाडायचं. आजोबा रानात गेले. शाळा अशी हुकलेल्या माणसांनीच ही रीत पाडली असावी.

खासगी शाळा काढणं हे तेव्हा धाडसाचं काम होतं, कारण निजाम सरकारची अशा शाळांवर करडी नजर असे. तरीही आपल्याच जिल्ह्यात, आता लोहारा तालुक्यात असलेल्या हिप्परग्याला, व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी 1921 साली राष्ट्रीय शाळा उभी केली. व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक पुढे तिथे मुख्याध्यापक झाले. संन्यास घेतल्यावर तेच स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखले गेले आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व त्यांनी केलं. एका खेडेगावातल्या शाळेनं मराठवाड्याला काय दिलं याचा हिशेब मांडायला बसलं तर तो संपायचा नाही.

माध्यमिक शिक्षणासाठी मी सोलापुरात राहिलो. तिथली हरिभाई देवकरण प्रशाला सगळं शहर 'ह.दे.' म्हणूनच ओळखतं. एका व्यापारी घराण्याचं नाव मुलांच्या तोंडी दोन अक्षरांवर आलं. ही शाळा चालवणाऱ्या शिक्षण प्रसारक मंडळीचंच पुण्याचं कॉलेज 'एस. पी.'. जमखंडीच्या पटवर्धन घराण्याच्या देणगीमुळे ते सर परशुरामभाऊंच्या नावानं चालतं, हे तिथल्या कट्ट्यावर बसणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? मला यात कृतघ्नता दिसत नाही. शाळेचं नाव इतकं सवयीचं व्हावं की त्यामागचा माणूस विसरला जावा, यापेक्षा देणाऱ्याचं मोठं यश कोणतं?

पुण्यात असताना मी या नावांच्या मागे लागलो. सगळ्यांत जास्त शिकवलं ते नाथीबाईंच्या नावानं. महर्षी कर्व्यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढलं तेव्हा त्यांच्याजवळ जिद्द होती, पैसा नव्हता. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये देऊ केले आणि आईचं नाव विद्यापीठाला दिलं: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. साडेतीन टक्के व्याजानं वर्षाला 52,500 रुपये, असा तो हिशेब होता. मूळ रकमेला हात न लावता व्याजावर शिक्षकांचे पगार चालावेत, ही व्यापाऱ्याची दृष्टी. सर विठ्ठलदास 1922 साली गेले, पण देणगी आकड्यांत आणि अटींत नीट बांधलेली होती.

सातारच्या लक्ष्मीबाई पाटलांचं देणं याच्या अगदी दुसऱ्या टोकाचं. त्यांचे पती कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. तिथे ना व्याज होतं, ना कागद. पंधरा लाखांपुढे ते मंगळसूत्र मला जराही हलकं वाटत नाही. पण रयत टिकली ती कर्मवीरांनी त्या त्यागाभोवती घट्ट संस्था उभी केली म्हणून.

संस्था आणि कागद नसले की काय होतं, हे पुण्याच्या भिडे वाड्यानं दाखवलं. तात्यासाहेब भिड्यांनी आपला वाडा दिला म्हणून 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांना तिथे मुलींची शाळा भरवता आली. पुढे तो वाडा या हातातून त्या हातात गेला, खाली दुकानं थाटली, वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले. अखेर डिसेंबर 2023 मध्ये, राष्ट्रीय स्मारकासाठी म्हणून, तो पाडावा लागला.

हे सगळं मला पुण्यातल्या इतिहासापेक्षा आमच्या पंचक्रोशीतच जास्त जवळून दिसलं. एका गावात एका म्हाताऱ्यानं शाळेला दोन एकर रान दिलं, चावडीवर, चार माणसांसमोर, तोंडी. नारळ फुटला, संगमरवरी पाटी लागली, वर्ग बांधले गेले. सातबारा मात्र म्हाताऱ्याच्याच नावावर राहिला. तो गेल्यावर वारसांची नावं लागली. रस्ता चौपदरी झाला, जमिनीचे भाव वाढले, आणि नातवांनी मैदानाच्या मधोमध तारेचं कुंपण घातलं. कुंपणाच्या अलीकडे कबड्डीचं अर्धं मैदान राहिलं. भिंतीवर म्हाताऱ्याच्या नावाची पाटी तशीच आहे. मी त्या नातवांना दोष देत नाही. त्यांच्या आजोबांची इच्छा कायद्याला कळेल अशा रीतीनं कुणी लिहूनच ठेवली नव्हती.

मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 सालचा आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की स्थावर मालमत्तेचं बक्षीसपत्र नोंदणीकृत हवं, देणाऱ्याची सही हवी आणि दोन साक्षीदार हवेत. मृत्युपत्राला नोंदणीची सक्ती नाही, पण दोन साक्षीदार तिथेही लागतात. जमीन एकदा सार्वजनिक न्यासाच्या नावावर चढली की धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. एवढी साधी तटबंदी आहे, आणि शाळेला जमीन देणारी आमची कितीतरी घरं तिच्याबाहेर उभी आहेत.

आमच्या भागात ज्वारी-तुरीवर जगणारी, तरीही शाळेला काही द्यावं अशी इच्छा बाळगणारी माणसं आजही आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पाटी नंतर लावा. आधी तुळजापूरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात बक्षीसपत्र नोंदवा, तलाठ्याकडून फेरफार करून घ्या, आणि सातबाऱ्यावर शाळेचं नाव चढलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघा. घरातल्या मुलांना, सुनांना, नातवंडांना त्या दिवशी सोबत न्या, म्हणजे आपण काय दिलं हे त्यांनाही कळेल.