४.७ ओहम आणि नागपूरचा मे महिना

मंडळी, आजचा विषय जरा टेक्निकल आहे. व्होल्टेज म्हटलं की ज्यांना झोप येते त्यांनी सरळ पुढच्या शनिवारी यावं :)

सध्या गच्चीवर ठेवायला तापमान नोंदवणारा डबा करतोय. सोलर पॅनल, दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट, आणि आतल्या रास्पबेरी पायला ५ व्होल्ट, ३ अँपिअर. मधे एक बक कन्व्हर्टर. बर्डीत फिरून बाकी सगळं जमलं, अडलं ते एका रेझिस्टरवर. डेटाशीट म्हणते, बूटस्ट्रॅप रेझिस्टर "गरजेनुसार" टाका. आता गरज कुणाची?

त्याचं काम असं. कन्व्हर्टरमधला वरचा मॉसफेट एन-चॅनेल असतो. तो चालू ठेवायला गेट सोर्सपेक्षा साधारण ५ व्होल्ट वर लागतं. पण मॉसफेट चालू झाला की सोर्सच २४ वर जाऊन बसतो. म्हणजे गेटला हवेत २९, आणि घरात आहेत २४! म्हणून ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर. खालचा मॉसफेट चालू असताना तो ५ व्होल्टला भरून घेतो आणि मग स्विच नोडच्या खांद्यावर बसून वर जातो. मला ही युक्ती फार आवडते.

रेझिस्टर बसतो या कपॅसिटरच्या सिरीजमध्ये. गेट भरणारा करंट त्याच्यातून जातो, म्हणून मॉसफेट सावकाश चालू होतो. बंद होताना गेटचा करंट ड्रायव्हरमधून थेट सोर्सकडे जातो, रेझिस्टरशी गाठच पडत नाही. म्हणजे फक्त चालू होण्याचा वेग कमी होतो.

सावकाश कशाला? कारण नोड चार-पाच नॅनोसेकंदांत उडी मारतो, आणि ट्रॅकचं इंडक्टन्स व मॉसफेटची कपॅसिटन्स घंटेसारखी वाजत राहतात. हे रिंगिंग बरेचदा १०० मेगाहर्ट्झच्या आसपास असतं. एफएमचा पट्टा ८८ ते १०८! शिवाय त्याचं टोक आयसीच्या कमाल व्होल्टेजपर्यंत गेलं तर आयसी गेलाच.

मग टाका की मोठा रेझिस्टर... इथेच नागपूर आडवं येतं. उडी १० नॅनोसेकंदांनी लांबली तर जास्तीचा लॉस = अर्धा × २४ × ३ × १० नॅनोसेकंद × ५०० किलोहर्ट्झ, म्हणजे ०.१८ वॉट. वॉटमागे ५० अंश धरले तर आयसी ९ अंश जास्त तापणार. डेटाशीटमधले सुंदर ग्राफ २५ अंशांवरचे असतात. आपल्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ होतं, तेही सावलीत. उन्हातल्या बंद डब्यात ६५ सहज. (मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, आठवतंय? नंतर हवामान खात्यानेच सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. बिचारा सेन्सर.)

तेव्हा हिशोब उलटा करायचा: रिंगिंग चालण्याइतकं कमी होईल असा सगळ्यात छोटा रेझिस्टर. त्याआधी इनपुट कपॅसिटर आयसीला अगदी चिकटून आहे ना ते बघायचं, कारण लेआउटचं पाप रेझिस्टर धुत नाही. प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून छोटी स्प्रिंग लावायची, नाहीतर अर्धं रिंगिंग प्रोबचंच असतं. मग ० पासून सुरुवात. माझ्या बोर्डवर ० ओहमला टोक ३४ व्होल्ट, २.२ ला ३१, ४.७ ला २९ आणि १० ला २८. शेवटच्या एका व्होल्टसाठी मे महिन्यात एवढी उष्णता विकत घ्यायची? छे. ४.७ सोल्डर केला.

स्नबरचाही विचार केला होता. पण ४७० पिकोफॅरडचा कपॅसिटर २४ व्होल्टला, ५०० किलोहर्ट्झवर ०.१३५ वॉट खातो, म्हणजे गरम व्हायचंच. फक्त ती उष्णता आयसीत नाही, बाहेरच्या रेझिस्टरमध्ये. डबा मात्र तोच. आणि कुणाला ४.७ च्या जागी थेट १०० टाकावासा वाटलाच, तर ०.१ मायक्रोफॅरडसोबत १० मायक्रोसेकंद होतात. आपलं अख्खं चक्र २ मायक्रोसेकंदांचं. कपॅसिटर कायम अर्धपोटी राहणार आणि मॉसफेट धड चालू होणार नाही.