तुकडा कुणी काढायचा?

झाशीच्या ओरछा गेटजवळ राहणाऱ्या एका मराठी घरातील काकूंच्या स्तनात गाठ हाताला लागली. सर्जननी तपासून सांगितले, ‘‘आधी बायोप्सी करू. सोनोग्राफीच्या डॉक्टरांकडे जा.’’ काका तिथेच अडले. फोटो काढणारा माणूस सुई टोचणार, मग ऑपरेशनचे डॉक्टर कशाला? शेजारच्या आजींनी भर घातली, ‘‘गाठीला सुई लावली की रोग अंगभर पसरतो हो!’’ झाले, पंधरा दिवस असेच गेले.

काकांचा प्रश्न रास्त होता, राग मात्र अनाठायी. तुकडा कुणी काढायचा, हे गाठ कुठे आहे त्यावर ठरते. तोंडातल्या न भरणाऱ्या जखमेचा तुकडा दातांचे सर्जन किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर घेतात. (तंबाखू खाणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावे.) गर्भाशयमुखाचा स्त्रीरोगतज्ज्ञ घेतात, जठराचा दुर्बिणीतून पोटविकारतज्ज्ञ. स्तनाच्या गाठीत सर्जनही सुई घालू शकतात. पण सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचे टोक दिसत असते, म्हणून रेडिओलॉजिस्टकडे पाठवतात. तेवढी जागा बधिर करतात आणि बाई त्याच दिवशी घरी येते. अंडकोशाच्या गाठीला डॉक्टर स्वतःच सुई लावत नाहीत. पण स्तनाच्या बाबतीत आजींच्या भीतीपायी तपासणी लांबवणे हाच खरा धोका.

निकाल देतो तो आणखी वेगळाच डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट. रुग्णाला तो बहुधा दिसतही नाही. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मग मेणात बसवतात, त्याचे चार-पाच मायक्रॉनचे काप काढतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. म्हणून अहवालाला दिवस लागतात. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले तेव्हा तिथली प्रयोगशाळा उभी करणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे याच शास्त्रातले. त्यांचे नाव आज किती मराठी घरांत माहीत असेल?

शेवटी काकूच म्हणाल्या, ‘‘अहो, सुई मला टोचायची आहे, चला.’’

आठव्या दिवशी अहवाल आला. गाठ कर्करोगाचीच होती. हार्मोनच्या आणि हर-२ च्या तपासण्याही त्याच तुकड्यावर झाल्या. आधी औषधे की आधी शस्त्रक्रिया, हे सर्जननी त्या पाहून ठरवले. काकांना दुसरे मत हवे होते. त्यासाठी काकूंना मुंबईला न्यावे लागले नाही; मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या घेऊन पुतण्या एकटाच गाडीत बसला.