कोच हवा आहे, पण कुठला?

बंगळूरला येऊन आम्हाला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी कन्नड शिकले, बिसीबेळे भात शिकले, पण कोच नावाच्या माणसावरून घरात अबोला धरता येतो हे मला कळलं ते 2013 नंतर. त्या वर्षी जिंदल समूहानं बेंगळुरू एफसी हा क्लब काढला. आमचे चिरंजीव तेव्हा आठवीत. निळा शर्ट घालून अशोकनगरच्या मैदानावर जाऊ लागले आणि क्लबनं पहिल्याच मोसमात आय-लीग जिंकली! मग काय विचारता! कोच ॲशली वेस्टवूड हे जणू आमचे जवळचे नातेवाईक, अशा थाटात जेवताना त्यांचं नाव निघायचं.

यांचं लहानपण मुंबईचं, कूपरेजवर रोव्हर्स कप पाहण्यात गेलेलं. त्यामुळे फुटबॉल रक्तात आणि मुंबई मनात. मुलगा मात्र पक्का बंगळूरचा. कंठीरवा स्टेडियमवर 'वेस्ट ब्लॉक ब्लूज' म्हणून जे समर्थक नव्वद मिनिटं उभं राहून गातात, त्यांतला एक. मुंबईविरुद्ध सामना असला की मी स्वयंपाक लवकर आटोपते. निकाल काहीही लागो, एकजण तरी नीट जेवत नाही.

8 डिसेंबर 2023 ला, शुक्रवारी, मुंबई सिटीनं कंठीरवावर येऊन आम्हाला चार गोल मारले. आमचा एकही नाही. 2019 साली ज्याच्या हेडरवर आम्ही आयएसएल जिंकलो, तो मुंबईचा राहुल भेके तोवर मुंबईच्याच संघात गेलेला, हे आणखी एक दुःख! दुसऱ्या दिवशी कोच सायमन ग्रेसन यांना निरोप मिळाला. याच माणसानं आदल्या वर्षी ड्युरंड कप आणून दिला होता आणि नऊ महिन्यांपूर्वी संघाला आयएसएलच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं होतं. तिथे पेनल्टीवर हरलो. पण हरलेल्या कोचची मागची पुण्याई कोणी मोजत नाही. इंग्लंडात याच माणसाला मॅनेजर म्हणतात. नाव मोठं, पण खुर्ची तितकीच डळमळीत.

त्या रविवारी आमच्या हॉलमध्ये सभा भरली. चिरंजीवांचे मित्र, एक केरळचा मुलगा (त्याला ब्लास्टर्सवरून चिडवायचं असतं, एरवी गुणी आहे) आणि ऑस्टिन टाऊनचे अंकल, ज्यांनी या शहरातला फुटबॉल क्लब निघण्याच्या कितीतरी आधीपासून पाहिलाय. मी कांदेपोहे केले. चर्चाही अगदी त्याच कार्यक्रमाला शोभेशी. मुलगा कुठला, आधी कुठे होता, स्वभावाला कसा, आपल्या घरात रुळेल का!

तरुण मंडळींचा कल स्पेनकडे. त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. अल्बर्ट रोका हे बार्सिलोनात रायकार्ड यांचे सहायक होते. त्यांनी 2016 मध्ये संघाला एएफसी कपच्या अंतिम फेरीत नेलं. भारतातला कोणताही क्लब त्याआधी तिथवर पोचला नव्हता. त्यांच्या हाताखालचे कार्लेस क्वाद्रात पुढे कोच झाले आणि 2019 चं विजेतेपद त्यांचंच. "घराणं चांगलं आहे, तिथलंच स्थळ बघा," असा एकूण सूर.

अंकलनी बशी खाली ठेवली. "मार्चमध्ये कर्नाटकानं संतोष ट्रॉफी जिंकली. 54 वर्षांनी. त्यांना शिकवायला कोण स्पेनहून आला होता?"

यावर हे बोलले. एरवी हे अशा सभेत पेपर वाचतात. म्हणाले, "नौशाद मूसा आठवतो का? मुंबईचा. जानेवारी 2021 मध्ये क्वाद्रातना काढलं, तेव्हा मधेच संघ त्याच्या हाती दिला. मोसम संपण्याआधीच पेझाइवोली नावाचे जर्मन कोच नेमल्याची बातमी आली. आपला माणूस फक्त खड्डा बुजवायला."

"पण बाबा, त्या मोसमात आपण सातवे आलो."

"बिघडलेला संघ हाती दिला होता रे. खालिद जमीलनं ऐझॉलला 2017 मध्ये आय-लीग जिंकून दिली, तरी आयएसएलमध्ये कायमचा कोच व्हायला त्याला 2021 उजाडलं. आणि तो पहिला भारतीय! तात्पुरता म्हणून आपला माणूस चालतो, कायमचा म्हणून चालत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "कायमचा नका करू. पण एक पूर्ण मोसम तरी द्या."

अंकलनी टाळ्या वाजवल्या. चिरंजीव गप्प झाले, कारण त्यांना आणि मला ठाऊक होतं. यांच्या कारखान्यात त्याच वर्षी खातेप्रमुख निवृत्त झाले. आठ महिने हे 'इन-चार्ज' होते. रात्री नऊला घरी. पुढे बाहेरून एक तरुण गृहस्थ आणले गेले. हे त्या दिवशी घरी आले, चहा घेतला, झाडांना पाणी घातलं. त्यावर एक अक्षर बोलले नव्हते.

चिरंजीवांनी बाबांच्या बशीत आणखी पोहे वाढले. यांना पोह्यावर जास्त खोबरं लागतं, तेही आठवणीनं घातलं. मला वाटतं, त्या घरात त्या दिवशी तेवढंच बोलणं शक्य होतं.

काही दिवसांतच क्लबनं जेरार्ड झारागोझा यांना आणलं. पुन्हा स्पेन! क्वाद्रातांचे पूर्वीचे सहायक. तरुण मंडळी खूश. त्यांच्या हाताखाली संघ एप्रिल 2025 मध्ये अंतिम सामन्यात पोचला आणि कोलकात्यात मोहन बागानकडून जादा वेळेत 2-1 हरला. तेव्हा बाप-लेक दोघंही जेवले नाहीत.

ऑगस्ट 2025 मध्ये खालिद जमील भारताच्या संघाचे कोच झाले. चिरंजीवांनी ऑफिसातून यांना कारखान्यात फोन केला, "बाबा, तुमचा माणूस लागला!" संध्याकाळी हे येताना अर्धा किलो म्हैसूरपाक घेऊन आले. दोघांची तिथेच दारात जुंपली.

"तो देशाचा कोच झालाय बाबा, आपल्या क्लबचा नाही."

"आधी चप्पल तर काढू दे," हे म्हणाले आणि पुडा माझ्या हातात दिला.