छान बारीक झालीस गं!



दशलक्षण पर्व जवळ आलं की दरवर्षी मी एकाशनाच्या पाककृती लिहिते. हिरवी भाजी नसताना ताटात काय वाढायचं, उपवासाच्या दुसऱ्या दिवशी पारण्याला काय करायचं, हे तुम्ही विचारता आणि मला सांगायला आवडतं. या वर्षी तेही लिहीन, पण जरा थांबून. आधी गेल्या वर्षी माझ्या हातून झालेली एक चूक सांगायची आहे. सुनेला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, "लिहा आई. तुमच्या मैत्रिणींनी वाचायलाच हवं."

माझी धाकटी सून पुण्यात असते. नोकरी सांभाळून ती इन्स्टाग्रामवर साड्यांचे व्हिडिओ करते. आमच्या घरात रेशीम नेसत नाहीत. कोसल्यातले किडे उकळून धागा काढतात हे एका प्रवचनात ऐकलं, तेव्हापासून ते बंद झालं. म्हणून ती सुतीच दाखवते. सुती इरकल, सुती नारायणपेठ, आजीच्या जुन्या लुगड्याचा ब्लाऊज. निऱ्या कशा चापून बसवायच्या, जाड काठ खांद्यावरून घसरू नये म्हणून पिन कुठे लावायची, असलं ती छान समजावून सांगते. हळूहळू तीस-पस्तीस हजार लोक तिला बघायला लागले. आता तिला इन्फ्लुएन्सर म्हणतात. पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा मला इन्फ्लुएन्झाच आठवला होता!

मला तिचं कौतुक होतं, पण थोडी कुरकुरही होती. बाळंतपणानंतर ती अंगाने भरली होती. एका व्हिडिओत तिने बिनबाह्यांच्या ब्लाऊजवर माझीच जुनी जांभळी इरकल नेसली. आमच्या भिशीत सगळ्यांनी तो बघितला. एकीने डोळे मोठे केले, दुसरी नुसतीच हसली. मला कानकोंडं झालं. घरी आले आणि त्या व्हिडिओखाली लिहिलं, "साडी छान. पण दंड फार दिसतात, बाह्या हव्या होत्या. वजन वाढलंय का गं?" पुढे हात जोडलेले आणि एक गुलाबाचं फूल.

मनात वाईट काही नव्हतं. घरात बोलते तसंच बोलले. पण घरात ते चौघांनी ऐकलं असतं आणि आमटीला फोडणी पडेपर्यंत विरून गेलं असतं. इथे दुसऱ्या दिवशी बघते तर माझ्या वाक्याला दोनशेच्या वर बदाम! खाली लोकांनी धागा पुढे ओढलेला. "सासूबाईच म्हणतात म्हणजे बघा." "हत्तीला साडी." "जैन घरातल्या मुलीला शोभतं का?" खरं सांगते, त्या बदामांनी मला आधी बरंच वाटलं. आपलं म्हणणं दोनशे जणांना पटलं, असं वाटलं. सून काही बोलली नाही. फोनवर तीच विचारपूस, तोच "आई, औषध घेतलंत का?" मीही विसरून गेले.

चार महिन्यांनी दशलक्षणासाठी ती नातीला घेऊन सांगलीला आली. चांगली बारीक झाली होती. रोज एकाशन करत होती, म्हणजे दिवसातून एकदाच जेवत होती. पहिल्या दिवसापासून मी बस्तीत सगळ्यांना सांगत होते, "आमची सून पुण्यात राहूनही बघा कशी नेमाची!" बायका तिच्याकडे बघून म्हणत होत्या, "छान बारीक झालीस गं! आम्हालाही सांग काय करतेस ते." ती हसायची. तिचं हसणं ओठांपुरतंच आहे, हे मला दिसायला हवं होतं.

सातवा दिवस, उत्तम तप. आमच्याकडे दहा दिवसांत तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय वाचतात, रोज एक. त्या दिवशी सातवा अध्याय होता, व्रतांचा आणि त्यांच्या अतिचारांचा. दुपारी घरी आलो. ताटं मांडताना मी नातीला म्हटलं, "बघ, आई कशी तप करते. मोठेपणी तूही कर हं."

नऊ वर्षांची पोर ती. ताटाकडे बघत म्हणाली, "आजी, आई तप नाही करत. ती बारीक होतेय. तू लिहिलं होतंस ना तिला? पुण्यातही ती एकदाच जेवते." आणि थोड्या वेळाने, "मला भात नको. माझे गाल मोठे आहेत."

माझ्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला.

त्या रात्री मला झोप आली नाही. उठून फोन घेतला आणि सुनेच्या व्हिडिओंखाली लोकांनी काय लिहिलंय ते पहिल्यांदाच नीट वाचलं. बीकॉमला शिकलेली सवय सुटत नाही. नातीची जुनी वही घेतली, मधोमध रेघ मारली. डावीकडे देहाबद्दल, उजवीकडे साडीबद्दल. जांभळ्या इरकलीच्या व्हिडिओखालची पहिली शंभर मतं मोजली. चौसष्ट डावीकडे, छत्तीस उजवीकडे. आणि डावीकडची बहुतेक नावं बायकांची. त्यात दोन आपल्या मंडळातल्या, आणि एक मी.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. "जाडी" जसं डावीकडे जातं, तसं "काय बारीक झालीस, सुंदर!" हेही डावीकडेच जातं. तीही देहाचीच मोजणी. चार महिन्यांपूर्वी मिळालेली शिवी ज्या तराजूने दिली, त्याच तराजूने आजचं कौतुक झालेलं. मग त्या मुलीने जेवावं तरी कसं?

या हिशेबात नफा कोणाचा, हेही बघायला हवं. चांगलं लिहा की वाईट, लोकांनी लिहिलं की तो व्हिडिओ आणखी चार जणांपुढे सरकतो, ते तिथे रेंगाळतात, जाहिराती बघतात. सुनेच्या खात्यावर नावे पडलेलं कंपनीच्या खात्यावर जमा होतं. २०२१ साली अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नल या वृत्तपत्राने इन्स्टाग्रामच्या कंपनीचे आतले अहवाल छापले होते. मुलाने मला ती बातमी वाचून दाखवली. ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं, त्यातल्या ३२ टक्के मुली म्हणाल्या की इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं. म्हणजे कंपनीला ठाऊक होतं. पण कंपनीला बोल लावून माझी सुटका होत नाही. ते वाक्य कंपनीने नाही, मी लिहिलं होतं.

आपण बायकाच बायकांना असं का बोलतो? मला माझं बघणं आठवलं. साल १९८२. बीकॉमचा निकाल नुकताच लागला होता. मुलाची एक मावशी आली होती. तिने माझी वेणी हातात घेऊन जाडी बघितली, मनगट उलटं करून आतला रंग बघितला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "रंग जरा उतरता आहे." ते स्थळ जमलं नाही. त्या मावशीचं नाव मी विसरले, पण तिच्या साडीचा रंग आणि ते वाक्य चाळीस वर्षांनंतरही जसंच्या तसं आठवतं. जे माझ्या मनगटाला झालं, तेच मी सुनेच्या दंडाला केलं. फरक एवढाच की माझ्या वेळी खोलीत आठ माणसं होती.

दुसऱ्या दिवशी त्याग धर्म, तिसऱ्या दिवशी आकिंचन्य. नवव्या अध्यायात पाच समिती येतात, त्यातली दुसरी भाषा समिती. हित, मित, प्रिय बोलावं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पाणी गाळून पितो, दिवेलागणीच्या आत जेवतो, किड्यासाठी रेशीम सोडतो. आणि अंगठ्याने फोनवर लिहिताना ते बोलणंच आहे हे विसरतो. सातव्या अध्यायात सत्यव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया सांगितली आहे, म्हणजे खोटे लेख करणं. पूर्वी मला ती दुकानाच्या खोट्या वहीपुरतीच वाटायची. दुसऱ्याच्या नावाचं खातं काढून कुणाच्या पोरीला घाण लिहिणारे बघितल्यावर तिचा अर्थ मोठा झाला.

काही जणी म्हणतील, आपल्याकडे अशुचि भावना आहे, देहाचं खरं रूप ओळखायला सांगितलंय. सांगितलंय, पण ते स्वतःच्या देहाचा मोह सुटावा म्हणून. दुसरीच्या देहाला नावं ठेवायला नाही. कुंभोजच्या बाहुबलीला आपण सगळ्या जातो. ती २८ फुटी मूर्ती दिगंबर आहे. तिच्यापुढे उभं राहिल्यावर मनात देहाचा विचार येत नाही, हात आपोआप जुळतात. म्हणजे देहाकडे निर्मळ बघायला आपल्याला येतं. फक्त ती नजर बस्तीच्या पायरीवर चपलांजवळ सोडून आपण घरी येतो.

आणि श्रवणबेळगोळची गुल्लकायज्जी आठवा. चामुंडरायाने घागरींनी दूध ओतलं, तरी अभिषेक पूर्ण होईना. एक गरीब म्हातारी एवढ्याशा फळाच्या कवटीत दूध घेऊन आली, तेव्हा लोक तिला हसले. त्याच दुधाने मूर्ती पायापर्यंत न्हाली, अशी कथा आहे. आज तिचीही मूर्ती गोमटेश्वरासमोर उभी आहे. तिला हसणाऱ्यांची नाही.

मग कुणी काही बोलायचंच नाही का? बोलायचं की. साडी सुती आहे की मिश्र, ते विचारा. किंमत जास्त वाटली तर तसं लिहा. कंपनीकडून पैसे घेऊन दाखवत असतील तर तसं स्पष्ट लिहायला हवं, असा जाहिरात मानक परिषदेचा नियम २०२१ पासून आहे. लिहिलं नसेल तर खुशाल विचारा, तो आपला हक्क आहे. आणि घरच्या मुलीला शालीनतेबद्दल सांगावंसं वाटलं तर एकटीला, जवळ बसवून, एकदाच सांगा. कपड्याबद्दल सांगा, अंगाबद्दल नको. मग तिला ठरवू द्या.

क्षमावाणीच्या दिवशी सकाळपासून फोनवर फुलाफुलांचे क्षमेचे निरोप येत होते. मीही दरवर्षी तसाच एक निरोप सगळ्यांना पाठवते, सुनेलाही. त्या दिवशी नाही पाठवला. ती स्वयंपाकघरात डबे पुसत होती. मी खाली पाटावर बसले आणि म्हटलं, "बस जरा. मी तुझ्या व्हिडिओखाली लिहिलं होतं, त्याबद्दल क्षमा मागायची आहे. उत्तम क्षमा म्हणून नाही. माझं चुकलं म्हणून."

ती बराच वेळ डबाच पुसत राहिली. मग म्हणाली, "परक्यांचं मी रोज पुसून टाकते, आई. हत्ती म्हणाले तेही पुसलं. तुमचं मात्र पुसता येईना. आईचं कसं पुसायचं?"

मी म्हटलं, "मीच पुसते."

"नको. त्याच्या खाली लिहा."

म्हणून लिहिलं. "हे मी लिहायला नको होतं. चुकले. साडी सुंदर नेसली आहेस." या वेळी फूलबीड काही नाही. त्याला अकरा बदाम मिळाले. दोनशे कुठे, अकरा कुठे!

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. ती आता दोन वेळा जेवते, पण वाढताना अजून "बास, बास" म्हणते आणि मला ते टोचतं. नात भात खाते. आपल्या भिशीत आम्ही एक ठरवलंय. कुणी आली की आधी तिच्या कंबरेकडे बघून बोलायचं नाही. पहिल्या महिन्यात सगळ्या गप्पच बसल्या, काय बोलावं सुचेना! मग एकीने विचारलं, "सध्या काय वाचतेस?" आणि गाडी सुरू झाली.

यंदा पारण्याला कुणाच्या घरी जाल, तेव्हा तप करणाऱ्या मुलीला "छान बारीक झालीस" म्हणू नका. तिच्या तपाची अनुमोदना करा आणि तिच्या ताटात गरम मुगाचं कढण वाढा. त्या कढणाची कृती पुढच्या वेळी लिहिते.

जय जिनेंद्र.