आकाशगंगेतला ढाबा आणि तंजावूरची कुरवंजी

'द मॅट्रिक्स' तुम्ही पाहिला असेल. नसेल पाहिला, तरी काळा लांब कोट घातलेला आणि बंदुकीच्या गोळ्या चुकवत कमरेतून मागे वाकणारा तो नायक तुमच्या नजरेखालून नक्की गेला असणार. चित्रपट १९९९ सालचा. आपण जगतो ते जग खरं नाही, यंत्रांनी माणसांना झोपवून त्यांच्या डोक्यात चालवलेला तो एक संगणकी देखावा आहे, अशी त्याची कल्पना. पुढे त्याचे आणखी भाग आले, त्यांच्याबद्दल भरपूर लिहिलं-बोललं गेलं. मला मात्र तुमच्याशी बोलायचंय ते या घराण्यातल्या एका धाकट्या भावंडाबद्दल. त्याला फारसं कुणी विचारत नाही.

त्याचं नाव 'द ॲनिमॅट्रिक्स'. २००३ साली आलेला नऊ ॲनिमेशन लघुपटांचा संच. मूळ चित्रपट करणारी वाचोव्स्की भावंडं जपानी ॲनिमेशनची मोठी चाहती. चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी ती जपानला गेली आणि ज्यांचं काम पाहून आपण शिकलो, त्या कलाकारांना भेटली. मग ठरलं की आपलं जग या लोकांच्या हाती द्यायचं. चार लघुपटांच्या कथा भावंडांनी स्वतः लिहिल्या, बाकीच्या कथा दिग्दर्शकांनी आपापल्या रचल्या. शिनिचिरो वातानाबे, योशिआकी कावाजिरी, कोजी मोरिमोतो, कोरियात जन्मलेले पीटर चुंग, अशी ही मंडळी. प्रत्येकाची रेषा वेगळी. एक लघुपट काळ्या-पांढऱ्या रंगातला, जुन्या गुप्तहेर चित्रपटांसारखा. दुसरा पेन्सिलीने भराभर ओढलेल्या रेघांचा.

मला सर्वांत आवडतो तो मोरिमोतोंचा 'बियॉन्ड'. त्यात ना युद्ध, ना कोटवाले नायक. एका मुलीची मांजर हरवते. ती शोधत शोधत गल्लीतल्या पोरांबरोबर एका पडक्या वाड्यात पोचते. तिथे फुटलेली बाटली पुन्हा जुळते आणि उंचावरून उडी मारलेलं पोर जमिनीच्या वीतभर वर येऊन तरंगत राहतं. संगणकी जगातला तो एक बिघाड आहे, हे आपल्याला कळतं. पोरांना त्याचं काय? त्यांना खेळायला जागा मिळालेली असते. मग गाड्या भरून माणसं येतात, पोरांना हाकलतात, आणि थोड्याच दिवसांत तिथे सपाट, कोरडं वाहनतळ उभं राहतं. एवढीच गोष्ट. पण मूळ चित्रपटांत पूर्ण वेळ नायकामागे धावताना जे जाणवत नाही, ते इथे जाणवतं: खोट्या जगातही कुणाचं तरी बालपण चाललेलं असतं.

महिरो माएदा यांचा 'द सेकंड रेनेसान्स' दोन भागांत आहे आणि तो मोठ्यांसाठी आहे. मूळ चित्रपटात यंत्रं खलनायक. इथे माणसं यंत्रमानव बनवतात, त्यांना राबवतात, मोडीत काढतात. मोडीत निघालेला एक यंत्रमानव मालकाला ठार मारतो, त्याच्यावर खटला चालतो, आणि त्यानंतर बाकीच्या यंत्रांचा सरसकट नाश सुरू होतो. उरलेली यंत्रं आपलं वेगळं शहर वसवतात. शेवटी माणसं सूर्यप्रकाशच बंद करण्यासाठी आभाळ काळं करून टाकतात. हे सगळं एका दप्तरखान्यातल्या इतिहासासारखं सांगितलेलं आहे, शांत आवाजात. त्यातली हिंसा मात्र शांत नाही. लहान मुलांना हा दाखवू नका. 'किड्स स्टोरी' नावाचा आणखी एक आहे, त्यात शाळेतला एक मुलगा खऱ्या जगात जागं व्हायचं म्हणून गच्चीवरून उडी घेतो. वयात येणाऱ्या मुलांनी तो पाहायचा असेल तर एकट्याने नको. शेजारी बसा आणि नंतर बोला.

आता हे सगळं मी तुम्हाला तंजावूरच्या राजवाड्याजवळ बसून का सांगते आहे?

एक तर माझं घर इथे आहे, राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर. आमचं घराणं कैक पिढ्या इथलंच. व्यंकोजीराजे १६७६ च्या सुमारास तंजावूरच्या गादीवर बसले, १८५५ मध्ये राज्य संपलं. राज्य गेलं, आम्ही राहिलो. घरात मराठी, बाहेर तमिळ, शाळेत इंग्रजी. महाराष्ट्रातले पाहुणे आमची मराठी ऐकून आधी चकित होतात, मग हसतात, मग म्हणतात, "किती गोड!" मराठीच्या मोठ्या चित्रपटात आम्ही म्हणजे असाच एक बाजूचा लघुपट.

दुसरं कारण माझी भाची. चौदा वर्षांची, दादाची मुलगी. दिवसभर टॅबवर चित्रं काढत असते. दादाला तिची दहावी दिसते, तिला ॲनिमेशनची शाळा दिसते. मे महिन्यात ती माझ्याकडे होती, तेव्हा आम्ही रोज रात्री जेवणानंतर एक लघुपट बघायचो. 'ॲनिमॅट्रिक्स'मधले काही पाहून झाल्यावर 'स्टार वॉर्स: व्हिजन्स' सुरू केलं.

तीही अशीच कल्पना. 'स्टार वॉर्स' या जुन्या चित्रपटमालिकेचं जग वेगवेगळ्या स्टुडिओंना देऊन करून घेतलेले लघुपट. २०२१ चा पहिला संच सगळा जपानी. २०२३ च्या दुसऱ्या संचात मात्र नऊ देशांतले कलाकार आले. आयर्लंडच्या लोकांनी त्यात आपली अंधाऱ्या गुहेतली भुताची गोष्ट आणली. दक्षिण आफ्रिकेच्या लोकांनी लोकरीच्या बाहुल्यांसारखी दिसणारी पात्रं केली, आणि त्यांची छोटी नायिका गाऊ लागली की स्फटिक जागे होतात.

आणि एक लघुपट आपल्याकडचा! 'द बँडिट्स ऑफ गोलक'. तो केला मुंबईच्या ८८ पिक्चर्स या स्टुडिओने, दिग्दर्शक ईशान शुक्ला. चारुक नावाचा भाऊ धाकट्या राणीला घेऊन पळतो आहे, कारण तिच्या अंगी एक शक्ती आहे आणि साम्राज्याचे लोक अशा मुलांच्या मागावर आहेत. दोघं आगगाडीतून पळतात आणि येऊन थांबतात ते एका ढाब्यावर. होय, ढाबाच. दूरच्या आकाशगंगेतला. तो चालवणारी म्हातारी रुगल ही दिसते तेवढी साधी नाही, आणि तिला आवाज दिलाय लिलेट दुबे यांनी. शेवटी भावाला बहिणीबाबत जो निर्णय घ्यावा लागतो, तो मी सांगत नाही.

माझं मत विचाराल तर कथा तशी सरळ आहे. पुढे काय होणार याचा अंदाज दहा मिनिटांत येतो. पण त्या ढाब्यावरची गर्दी, माणसांचे कपडे, आगगाडीत कोंबून बसलेली मंडळी पाहताना भाची उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली. तिने आजवर पाहिलेल्या अवकाशकथांत न्यूयॉर्क होतं, टोकियो होतं. ढाबा पहिल्यांदाच.

लघुपट संपल्यावर तिने विचारलं, "आत्या, आपल्यात असं काही आहे का? आपल्यात म्हणजे तंजावूरच्या मराठीत?"

आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत तिला राजवाड्यात घेऊन गेले.

तुम्ही इथे कधी आलात तर बहुतेक सगळे जातात तसे दरबार आणि चोळकालीन कांस्यमूर्ती बघाल. जरूर बघा. पांढऱ्या संगमरवरातला सरफोजीराजांचा पुतळाही बघा, तो जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला आहे. पण सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहालयाला थोडा जास्त वेळ द्या. ग्रंथालयाची सुरुवात नायक राजांच्या काळातली, त्याचं आजचं वैभव दुसऱ्या सरफोजीराजांमुळे. ताडपत्रांवरच्या पोथ्या आहेत, मोडी कागदपत्रांचे ढीग आहेत. माणसांचे चेहरे निरनिराळ्या प्राण्यांच्या चेहऱ्यांशी ताडून काढलेली शार्ल लब्रँ या फ्रेंच चित्रकाराची चित्रं आहेत. भाची त्यांच्यासमोर इतका वेळ उभी राहिली की रखवालदाराने दोनदा घसा खाकरला.

सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला. राजांकडे राहिला किल्ला आणि उत्पन्नातला ठरावीक वाटा. राज्य करायचं उरलं नाही म्हटल्यावर माणूस काय करतो? या माणसाने पुस्तकं जमवली, देवनागरी छापखाना काढला, शाळा चालवल्या, डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसह लिहवून घेतल्या. १८०३ मध्ये आपल्या भोसले घराण्याचा इतिहास मराठीत बृहदीश्वराच्या देवळात दगडावर कोरवून घेतला. चोळांनी बांधलेल्या देवळाच्या आवारात, तमिळ शिलालेखांच्या शेजारी.

आणि एक नाटक लिहिलं, 'देवेंद्र कुरवंजी'.

कुरवंजी हा मूळ तमिळ नाट्यप्रकार. डोंगरातली कुरत्ती, म्हणजे भविष्य सांगणारी भटकी बाई, गावात येते. विरहात झुरणाऱ्या नायिकेचा हात बघते. हात बघण्याआधी आपला डोंगर, तिथली झाडं, धबधबे, आपण पायाखाली घातलेले मुलूख यांचं वर्णन गाऊन दाखवते. साचा ठरलेला, प्रेक्षकांना पाठ असलेला. नावीन्य आणायचं ते तपशिलात. याच सरफोजीराजांना नायक करून 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी' तमिळमध्ये रचली गेली आणि ती बृहदीश्वराच्या देवळात नाचली जात असे. राजांनी स्वतः मात्र तोच साचा उचलून मराठीत वेगळाच खेळ केला. त्यांची कुरत्ती इंद्राणीला पृथ्वीचं वर्णन सांगते, पण ते जुन्या पुराणांतलं नव्हे. त्या काळी युरोपातून नव्याने आलेला भूगोल ती गाऊन सांगते, खंड आणि देश एकामागून एक.

म्हणजे बघा, रचना तमिळ, भाषा मराठी, इंद्र-इंद्राणी पुराणातले, आणि माहिती युरोपच्या नकाशांतली. मला तरी हा 'व्हिजन्स'चाच कारभार वाटतो. दुसऱ्याचं तयार जग घ्यायचं आणि त्यात आपला ढाबा टाकायचा. उलटही झालंच की. मराठी कीर्तन तंजावुरात आलं, तमिळ भागवतांनी ते आपलंसं केलं, आणि तमिळ हरिकथेत आजही साकी, दिंडी, ओवी ऐकू येते. म्हणणाऱ्याला ते शब्द मराठी आहेत हे कधी ठाऊक असतं, कधी नसतं.

भाचीने 'देवेंद्र कुरवंजी'ची छापील प्रत हातात घेतली, उघडली आणि माझ्याकडे दिली. तिला देवनागरी वाचता येत नाही. आमच्याकडच्या बऱ्याच मुलांना येत नाही. मराठी कानांवर आणि जिभेवर आहे, डोळ्यांना ओळखीची नाही. शाळेत ती लिपी नाही, परीक्षेत नाही, मग कोण शिकवणार? मी वाचत गेले, ती ऐकत गेली. दोनशे वर्षांपूर्वीची भाषा, कितीतरी शब्दांवर मीही अडखळत होते. एके ठिकाणी मात्र ती मधेच म्हणाली, "हा शब्द आजी वापरायची." मला तो शब्द फक्त पुस्तकातला वाटत होता.

त्या रात्री लघुपट पाहणं राहूनच गेलं. ती चित्र काढत बसली होती.

तिची गोष्ट अशी. राजवाडा पाण्याखाली गेलेला आहे, फक्त उंच मनोरा वर उरलाय. त्या मनोऱ्यात एक यंत्रमानव एकटाच पुस्तकं राखत बसलाय. वाचायला कुणी येत नाही. एक दिवस होडीतून कुरत्ती येते, डोक्यावर टोपली, खांद्यावर बॅटरी. पाहिलेले देश सांगते, बुडालेले देशही सांगते. मग त्याचा हात बघायला मागते. तो हात पुढे करतो. धातूचा गुळगुळीत तळवा, त्यावर एकही रेषा नाही.

"आता ती काय म्हणते?" मी विचारलं.

"तेच तर. तू सांग. मराठीत सांग, कुरत्ती मराठीतच बोलणार."

दादाला फोनवर हे सांगितलं तर तो आधी म्हणाला, "गणिताचं काय?" मग थोड्या वेळाने, "कुरत्तीच्या टोपलीत काय दाखवलंय?" मी म्हटलं, अजून ठरलं नाही. त्याने तीन वस्तू सुचवल्या. तिन्ही आमच्या आजीच्या स्वयंपाकघरातल्या.

संवाद मी लिहायला घेतलेत. कुरत्तीची चार वाक्यं झालीत, पाचवं जमत नाहीये. मी देवनागरीत लिहिते, भाची माझ्याकडून ऐकून खाली तमिळ अक्षरांत उतरवून घेते, आणि आवाज ध्वनिमुद्रित करताना तिथूनच वाचते. परवा मात्र तिने माझ्या कागदावर बोट ठेवून विचारलं, "हे 'हात' आहे ना?"

'हात'च होतं. मग 'रेषा' कुठे आहे, तेही तिने शोधलं.